अंगणातला एसी

गेल्या मे महिन्यात चोर्ला घाट उतरून एक भलीमोठी कॅरव्हॅन वाळपईला आमच्या अंगणात मुक्कामाला आली. मालक कन्नड बोलणारे, दुभाष्या मी. "रात्रभर एसीला वीज द्या, २०० रुपये घ्या." मी पडलो कॉमर्सवाला, लगेच हिशेब मांडला. दीड टनाचा एसी ताशी साधारण दीड युनिट, ८ तासांचे १२. नफाच! पण कॉम्प्रेसर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढतो, हे माझ्या खतावणीत नव्हते. फ्यूज उडाला, दमेकरी आजीचा पंखा थांबला. बाबांनी न बोलता गाडीची वायर काढली, फ्यूज बांधला. १०० अँपिअर-अवरच्या १२ व्होल्ट बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट, तेव्हा गाडीत रात्रभर नुसते पंखे. सकाळी मी पैसे परत केले. आजीने विचारले, "चहा तरी दिलास ना त्यांना?"