वेशीवरचा घोडा

मुनीला तो माणूस पोलीस वाटतो. परवा ‘मालगुडी डेज’ पुन्हा लावली आणि घोड्याच्या गोष्टीत मी एवढ्याशाच जागी अडकले. मालिका तिथेच थांबवली, कपाटातून आर. के. नारायण यांची मूळ कथा काढली आणि उभ्याउभ्याच वाचून संपवली.

किरीटम नावाचं तीस घरंही नसलेलं गाव. एके काळी चाळीस शेळ्यामेंढ्यांचा धनी असलेला मुनी आता दोन शेळ्यांवर आला आहे. त्या दिवशी त्यानं शेवग्याचं झाड हलवून शेंगा पाडल्या आणि आज सांबार कर म्हणून बायकोपाशी हट्ट धरला. बायको म्हणाली, करते, पण सामान आण: डाळ, मिरची, कढीलिंब, मोहरी, धने, तिळाचं तेल आणि एक मोठा बटाटा. ही यादी मला तोंडपाठ आहे. एक मोठा बटाटा! त्या बटाट्यात म्हाताऱ्याची सगळी हौस आली. दुकानदारानं जुन्या उधारीची वही दाखवून त्याला चार लोकांत लाजवलं आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. शेंगा घरात तशाच पडून राहिल्या. मुनी उपाशीपोटी शेळ्या हाकत हमरस्त्यावर आला आणि तिथल्या मातीच्या मोठ्या घोड्याच्या सावलीत, चौथऱ्यावर टेकला.

तिथे एक गाडी पेट्रोल संपून थांबते. आतून लालबुंद चेहऱ्याचा परदेशी माणूस उतरतो, आणि त्याच्या अंगात खाकी कपडे असतात. मुनीच्या पोटात गोळा येतो. काही आठवड्यांपूर्वी शिवेवरच्या चिंचेखाली एक प्रेत सापडलेलं असतं, त्याचीच चौकशी करायला हा आला, अशी त्याची खात्रीच होते. पळून जावंसं वाटतं, पण पायांत बळ नाही. मग तो तमिळमध्ये साक्ष द्यायला लागतो: मला काही ठाऊक नाही, खुनी आमच्या गावचा असणंच शक्य नाही, गुन्हेगार असेल तर पलीकडच्या गावचा. समोरचा माणूस न्यूयॉर्कचा, कॉफीचा व्यापारी. त्याला यातलं अक्षर कळत नाही. तो आपलं कार्ड पुढे करतो, तर मुनी अंग चोरून मागे सरतो. त्याला ते पकड वॉरंट वाटतं.

ही कथा विनोदी म्हणून ओळखली जाते आणि ती विनोदी आहेच. पण सकाळपासून पोटात काही नाही, आयुष्यात कुणाचं काही घेतलेलं नाही, असा माणूस खाकी रंग दिसताच आपण निर्दोष असल्याचं सांगायला लागतो, तिथे मला हसू येत नाही.

‘मालगुडी डेज’मधले पोलीस मला म्हणूनच फार खरे वाटतात. ते नेहमी खालून दिसतात. लहान मुलाच्या, नोकराच्या, म्हाताऱ्या गुराख्याच्या उंचीवरून. स्वामीची गोष्ट घ्या. वर्तमानपत्रात वाघाशी झुंजलेल्या मुलाची बातमी येते आणि वडील, म्हणजे गिरीश कर्नाड, मुलाला म्हणतात, धीट असशील तर आज एकटा माझ्या ऑफिसच्या खोलीत झोपून दाखव. रात्री अंधारात काहीतरी हलतं. भुताच्या भीतीनं अर्धमेला झालेला स्वामी त्याचा पाय कडकडून चावतो आणि घरात शिरलेला चोर पकडला जातो. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर शाबासकी देऊन विचारतो, पोलिसात का येत नाहीस? स्वामी सभ्यपणे होकार देतो. मनातून मात्र त्याला इंजिन ड्रायव्हर व्हायचं असतं, नाहीतर रेल्वेचा गार्ड, किंवा बस कंडक्टर. मास्टर मंजुनाथचा तो चेहरा! मोठ्या माणसाचं मन राखायला हो म्हणणाऱ्या मुलाचा चेहरा इतका अचूक मी पडद्यावर दुसरीकडे पाहिलेला नाही.

आणि सिद्दा. लीलाचा मित्र. घरकामाला ठेवलेला हा माणूस पाच वर्षांच्या लीलाला चेंडू उंच फेकून दाखवतो आणि सांगतो, चंद्राला लागून आला बघ, थोडा चंद्र चिकटलाय त्याला. लीलाची सोन्याची साखळी हरवते. सिद्दा निघून जातो, पोलीस त्याला शोधून आणतात. पूर्वीही चोऱ्या करून तुरुंगात गेलेला आहे म्हणतात. लीला त्याच्या बाजूनं रडते, तिचं कुणी ऐकत नाही. पुढे साखळी सापडते, घरातच, चिंचेच्या भांड्यात, लीलानंच टाकलेली. त्यानंतरही वडील म्हणतात की असल्या माणसाला घरात ठेवणं बरं नव्हतंच. कथा इथे संपते. लहानपणी मला वाटायचं, पुढच्या भागात पोलीस त्याला सोडतील. पुढच्या भागात वेगळीच माणसं आली.

त्याच सुमाराच्या आठवणीत मुंबई दूरदर्शनवरची बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ही आहे. ती आम्ही श्वास रोखून बघायचो. तिथे पोलीस बोलावले की येत, माग काढत आणि भाग संपायच्या आत गुन्हेगाराला गाठत. शिवाजी साटम यांचा तपास बघताना मुंबईत सगळं शेवटी उलगडतं असा विश्वास वाटायचा. तो विश्वासही मला हवाच होता. पण आज पुन्हा बघायची वेळ आली तर हात सिद्दाकडे जातो, कारण त्याचा तपास माझ्यापुरता अजून बंद झालेला नाही.

मालिकेचं चित्रण झालं आगुंब्याला, शिमोगा जिल्ह्यात, घाटमाथ्यावर. तिथे पाऊस असा कोसळतो की त्या गावाला दक्षिणेची चेरापुंजी म्हणतात. नारायण यांचं कागदावरचं मालगुडी, सरयू नदीकाठचं, मला नेहमी जरा कोरडं, उन्हाचं वाटतं. मालिकेचे दिग्दर्शक शंकर नाग यांचं मालगुडी ओलं आहे. उतरती कौलं, लाकडी खांब, शेवाळलेल्या पायऱ्या, ओटीवरचा मंद उजेड. हे घर मला परकं वाटूच शकलं नाही, कारण माझं आजोळ असंच होतं, शिरोड्याजवळ. आणि मुनीच्या घोड्याचं काम काय असतं ते मला आधीपासून कळत होतं, तेही आजोळमुळेच.

शिरोड्याला लागून आरवली. दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’ या पुस्तकामुळे वाचणाऱ्यांना ठाऊक असलेलं, पण आमच्याकडे आधी वेतोबाचं. वेतोबाची मूर्ती पुरुषभर नव्हे, त्याहून बरीच उंच. पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात पात्र, आणि उभा असा की आत्ताच पाऊल उचलेल. देवाला बसायला आसन नाही, रथ नाही, वाहन नाही. त्याला लोक नवसाच्या दोन गोष्टी वाहतात: केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपला. चपला त्याच्या मापाच्या. मी लहान होते तेव्हा त्यातल्या एकीत माझी दोन्ही पावलं शेजारी शेजारी ठेवली तरी जागा उरेल एवढ्या वाटायच्या. देवळात शिरलं की केळ्यांचा पिकलेला गोड वास आणि त्याच्या मागोमाग कच्च्या चामड्याचा उग्र वास, दोन्ही एकदम नाकात शिरत. 

मला पाया पडायला सांगितलं जाई आणि मी पाया पडताना चपलाच बघत बसे. नव्या चपला ताठ, तांबूस, तेल पाजलेल्या, टाके पांढरे स्वच्छ. जुन्या चपलांचे तळ मात्र झिजलेले, टाचेकडे जास्त. असं का, म्हणून विचारलं तर आजी अगदी सहज म्हणाली, “देव रातचो गाव फिरता गो, झिजतली नाय तर काय!”

त्या वाक्याचा माझ्यावर केवढा परिणाम झाला. आजोळच्या रात्री गडद असत. वीज जायची ती जायचीच. माडांची सळसळ, मागच्या परड्यात काहीतरी पडल्याचा आवाज, लांब समुद्राची गाज. भीती वाटायची आणि मग लगेच मनात यायचं, की आता तो खाजणापर्यंत पोचला असेल, आता शाळेच्या मागून वळला असेल, आता पाणंदीत असेल. पावलं ऐकू येतात का म्हणून मी कान देऊन पडायचे. कुणीतरी जागं आहे, आणि त्याला चालावं लागतं, त्याच्या पायांना त्रास होतो, म्हणून माणसं त्याला चपला करून देतात. गोव्यात, दक्षिण कोकणात गावागावाला असा राखणदार असतो. कुठे देवचार म्हणतात. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. चुकलेल्याला वाट दाखवतो, घराच्या वळणापर्यंत सोबत करतो. आजी सांगायची की त्यानं सोबत केली तर मागे वळून बघायचं नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मला अजूनही वाटतं, गस्त घालण्याची इतकी माणुसकीची कल्पना दुसरी नाही. राखण करणाऱ्याची चप्पल झिजते याची गावाला जाणीव असते. ज्याच्या पायात काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे, त्याची भीती वाटत नाही. धाक वाटतो, आणि आधारही. मुनीला खाकी कपड्यांतल्या माणसाविषयी असं काहीच ठाऊक नव्हतं.

तमिळ मुलखात हेच काम अय्यनार करतो. फक्त तो चालत नाही, घोड्यावरून फिरतो. रात्री गावाच्या शिवेवरून त्याची फेरी असते. त्याच्यासाठी गावकरी मातीचे भाजलेले घोडे वाहतात, काही माणसाहून उंच, आणि ते गावाबाहेर, झाडांखाली, ओळीनं उभे असतात. मुनीच्या गोष्टीतल्या घोड्याजवळही मिशाळ, बटबटीत डोळ्यांचा एक योद्धा उभा आहे. मुनी मात्र त्या परदेशी पाहुण्याला कल्की अवताराची कथा सांगतो: कलियुग संपेल तेव्हा हा घोडा जिवंत होईल आणि दुष्टांना तुडवेल. म्हणजे वरिष्ठ अधिकारी खुद्द त्याच्या पाठीशी उभा आहे आणि म्हातारा समोरच्या खाकी शर्टाला घाबरतो आहे!

‘मालगुडी डेज’ सुरू झाली १९८६मध्ये आणि जानेवारी १९८७मध्ये रामायण आलं. मग रविवारी सकाळी पडद्यावर रथ, आयाळी, टापा, धूळ. सगळं गाव बघायचं, मीही बघायचे. पण दूरदर्शनवरच्या इतक्या दौडणाऱ्या घोड्यांत मला लक्षात राहिला तो हा, जागचा न हलणारा.

शंकर नाग यांच्याविषयी मला विशेष जिव्हाळा आहे आणि तो केवळ या मालिकेमुळे नाही. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर त्यांनी उमेदवारी केली होती. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’ या १९७९च्या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा हात होता. चाफेकर बंधूंनी रँडला मारलं त्याची ती कहाणी. तिथेही गोऱ्या अंमलाच्या दहशतीकडे पुण्याच्या गल्लीतून, खालूनच पाहिलेलं आहे. पुढे १९८८मध्ये ते स्वतः ‘सांगलियाना’ चित्रपटात रुबाबदार पोलीस अधिकारी झाले आणि कन्नड प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मला तो रुबाब आवडतो. तरी सिद्दाला पोलिसांच्या हवाली करून तिथेच गोष्ट सोडणारा दिग्दर्शक मला अधिक मोठा वाटतो. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ मोटार अपघातात ते गेले. वय अवघं पस्तीस. बंगळूरच्या रिक्षांवर त्यांचं चित्र अजूनही दिसतं.

तर तो परदेशी माणूस मुनीच्या हातावर शंभर रुपये ठेवतो. त्याच्या मते घोड्याची किंमत दिली. मुनीच्या मते शेळ्या विकल्या. मुनी धावत घरी जातो, परदेशी माणूस ट्रक थांबवून घोडा चढवतो, घरच्या दिवाणखान्यात मांडायला. शेळ्या आपल्या पायांनी घरी परततात. बायकोला खात्रीच पटते की यानं चोरी केली, आणि ती म्हणते, आता पोलीस येतील. पुन्हा पोलीसच!

नारायण यांना पुतळे विकले जाण्याचं कुतूहल असावं. ‘लॉली रोड’ कथेत मालगुडीची नगरपालिका सर फ्रेडरिक लॉलीचा पुतळा काढून टाकते, तो घेणाऱ्याच्या घरात मावत नाही, आणि मग कळतं की हा लॉली भला माणूस होता, पुरात लोकांना वाचवताना गेला. तिथे निदान चौकशी तरी झाली. घोड्याची चौकशी कुणी केली नाही. त्या रात्री किरीटमच्या शिवेवरून फेरी कशी झाली असेल?

या प्रश्नानं मी थोडी बेचैन होते आणि मग मला वेळार आठवतात. वेळार म्हणजे तिकडचे कुंभार, आणि अनेक ठिकाणी अय्यनारचे पुजारीही तेच. वाहिलेला घोडा पुढे दुरुस्त करत नाहीत. ऊनपावसात तो विरघळतो, कलंडतो, त्याच्या पोटात गवत उगवतं, आणि गावाला त्याचं काही वाटत नाही; नवा घडवायचा असतो. त्यासाठी गावकरी कुंभाराच्या हातात मूठभर माती देतात, तीच सुपारी. नव्या घोड्याला डोळे रंगवले की तो खांद्यावर घेऊन वाजतगाजत शिवेवर नेतात. ट्रकमध्ये चढलेल्या घोड्याकडे तर किती वर्षांत कुणी पाहिलंही नव्हतं, गावच्या उनाड पोरांनीसुद्धा नाही. मोकळा चौथरा मात्र दुसऱ्या दिवशीच सगळ्यांच्या नजरेत आला असणार. पारावर बैठक बसली असेल, वर्गणीवरून भांडण झालं असेल, दुकानदारानं आपला आकडा आधी वाढवून आणि मग कमी करून सांगितला असेल, आणि कुणीतरी मूठभर माती घेऊन कुंभाराच्या दारात गेलं असेल.