अम्मा, नाक से

परवा आपल्यातल्याच एका स्नेह्यांचा फोन आला. त्यांच्या आईला पुण्याहून इंदूरला आणायचंय, घरी ऑक्सिजन चालू आहे. "तुम्ही ताईंना विमानाने आणलं होतं ना, ते कसं जमवलं?" अर्धा तास बोललो तरी निम्मं राहूनच गेलं. म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढू, आणखी कोणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. १९६४ साली लग्न होऊन हैदराबादला गेली, काचीगुड्याला. तेव्हा तिचं सासर-माहेर एकाच रुळावर होतं. काचीगुड्याला मीटर गेजच्या गाडीत बसायचं, पूर्णा, अकोला, खंडवा करत घाट चढायचा, काळाकुंडला पानातला कलाकंद घ्यायचा, मग पातालपानी, महू आणि इंदूर. दोन्ही मुलांना कडेवर घेऊन ती हा प्रवास दर उन्हाळ्यात एकटी करायची. आता ती गाडीही गेली आणि तिचा दमही.

भाऊजी गेल्यावर ती एकटीच राहात होती. एक भाचा न्यू जर्सीत, दुसरा लहानपणीच गेला. ताईला फुफ्फुसांचा फायब्रोसिस झाला होता. म्हणजे फुफ्फुसं हळूहळू कडक होत जातात, हवा आत गेली तरी ऑक्सिजन रक्तात उतरत नाही. घरी कॉन्सन्ट्रेटर होता, दोन लिटरवर. नळी लावलेली असली की बोटावरच्या यंत्रात ९४, काढली की ८८. २०२२ च्या दिवाळीनंतर फोनवर म्हणाली, "बाळ्या, मला रामबागेत यायचंय. इथे नक्को आता." साठ वर्षांत हैदराबादचं 'नक्को' आणि 'हौ' तिच्या मराठीत मुरलं होतं.

भाच्याचा विरोध होता. "मामा, वर काही झालं तर काय करणार तुम्ही?" त्याचं चुकीचं नव्हतं. पण रस्त्याने अँब्युलन्स म्हणजे आठशेच्या आसपास किलोमीटर हाडं खिळखिळी करत. एअर अँब्युलन्सचा भाव ऐकला आणि मुकाट्याने फोन ठेवला. छातीच्या डॉक्टरांनी तिसरा रस्ता सांगितला, साधं प्रवासी विमान, ऑक्सिजन लावून आणि सोबत शिकलेली नर्स घेऊन.

ऑक्सिजनचं गणित त्यांनी मला समजावलं ते असं. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर उडतं, पण आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या गावाइतका ठेवतात. हैदराबाद काय, इंदूर काय, दोन्ही दोनेक हजार फुटांवरची गावं. म्हणजे ताईला तासा-दीड तासासाठी एकदम सिमल्याला नेऊन बसवण्यासारखं. धडधाकट माणसाचाही आकडा वर थोडा उतरतो, त्याला कळत नाही इतकंच. ताईकडे उतरायला जागाच नव्हती.

आता कबूल करतो. नर्सचा खर्च मला खटकला होता. तिचं जाण्या-येण्याचं तिकीट, तिची फी, एक रात्र इंदूरला राहणं, बॅटरीवरच्या मशीनचं भाडं, सगळं मिळून पासष्ट हजारांच्या घरात. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या खर्चावर लाल शेरे मारलेला माणूस मी. म्हटलं, मी शेजारी बसतोच आहे, मशीनचं बटण दाबायला नर्स कशाला? डॉक्टरांनी वाद घातला नाही. फॉर्ममध्ये सोबत कोण, डॉक्टर, नर्स की आणखी कोणी, असा रकाना असतो, तिथे त्यांनी 'नर्स' लिहिलं आणि सही केली. विमान कंपनीची मंजुरी त्याच अटीवर आली. त्यामुळे माझा प्रश्न तिथेच मिटला.

हा फॉर्म म्हणजे मेडिफ. एक भाग प्रवाशाने भरायचा, एक डॉक्टरांनी, आणि तो विमान कंपनीच्या वैद्यकीय विभागाकडून मंजूर होऊन यावा लागतो. आमचा एकदा परत आला, कारण ऑक्सिजन किती लागतो तो आकडा डॉक्टरांकडून लिहायचा राहिला होता. राग आला, पण अपुरं व्हाउचर मीसुद्धा परतच पाठवायचो. स्वतःचा सिलिंडर विमानात नेऊ देत नाहीत. बॅटरीवर चालणारा छोटा कॉन्सन्ट्रेटर चालतो, तोही त्यांनी मान्य केलेल्या मॉडेलचा. बॅटऱ्या उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट पुरतील इतक्या हव्यात असं सांगितलं होतं. सिस्टरने याहून दुप्पट आणल्या. विमान उशिरा सुटलं तरी श्वास थांबत नाही ना, असं तिचं म्हणणं.

सिस्टर केरळची, तिशीची असेल. दहा वर्षं आयसीयूत काढलेली. ती आदल्या दिवशी दुपारीच घरी आली, याचं मला नवल वाटलं. ताईला कोणत्या कानाने नीट ऐकू येतं, धरून किती पावलं चालते, बाथरूमला किती वेळाने जावं लागतं, सगळं विचारून वहीत लिहिलं. रात्रीच्या जेवणातून कोबी आणि राजमा बंद केला, सोडाही नाही. वर दाब कमी झाला की पोटातला वायू तिसऱ्या हिश्श्याने फुगतो, पोट वर ढकलतं आणि आधीच थकलेल्या फुफ्फुसांना जागा उरत नाही. मग ते छोटं मशीन ताईला लावलं आणि नुसती बसून राहिली. तासभर. ताईचा डोळा लागला तरी ती तिच्याकडेच बघत होती. मी मनात म्हटलं, याचेही पैसे लागतायत.

दुसऱ्या दिवशी शमशाबादला काउंटरवरच्या मुलाने बॅटऱ्यांची पिशवी सामानात टाकायला सांगितलं. मी टाकलीही असती. सिस्टरने पिशवी छातीशी धरली आणि मंजुरीचा कागद पुढे केला. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातच न्यायच्या असतात, पोटातल्या सामानात कधीच नाही. दहा मिनिटं गेली, पण मुलगा भला होता, साहेबांना विचारून आला. जिने चढायचा प्रश्न आला नाही, खुर्चीसकट वर उचलणारी गाडी आली. ताई खिडकीशी, मध्ये सिस्टर, कडेला मी.

विमान वर गेल्यावर सिस्टरने मशीन दोन नंबरवरून चारवर नेलं. जमिनीवर ऑक्सिजन लागणाऱ्याला वर जास्तच लागतो. आकडा ९१ वर टिकला. ताईने खिडकीतून ढग बघितले, मला म्हणाली, "घाट कुठे आला रे?" आणि झोपली.

वीसेक मिनिटांनी माझी नजर यंत्रावर गेली. ८५. मग ८४. माझ्या पोटात गोळा आला. हात मशीनकडे गेला, म्हटलं पाचवर करू. सिस्टरने माझा हात हलकेच बाजूला केला. आधी तिने ताईचं बोट चाचपलं. गार पडलं होतं, आणि गार बोटावर यंत्र खोटं बोलतं. तळहात चोळून दुसऱ्या हाताच्या बोटाला लावलं. तरी ८५. मग तिने ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं. तोंड उघडं. ही छोटी मशीन सतत हवा सोडत नाहीत, नाकाने श्वास आत ओढलेला जाणवला की तेवढ्यापुरता झोत सोडतात. तोंडाने श्वास घेतला की मशीनला वाटतं माणूस श्वासच घेत नाहीये. पाच काय, दहा नंबर केला असता तरी फरक पडला नसता. आदल्या दुपारी सिस्टर तासभर हेच बघत बसली होती.

तिने ताईच्या खांद्याला हात लावला. "अम्मा, नाक से. नाक से साँस लो, अम्मा." ताई जागी झाली, तोंड मिटलं. ८७, ८९, ९१. मोजून चार-पाच मिनिटं लागली असतील. उतरेपर्यंत सिस्टरने ताईला पुन्हा झोपू दिलं नाही. हैदराबादी बिर्याणी चांगली की केरळची, यावर दोघींचं भांडण लावून दिलं. मधूनमधून पायाचे पंजे वर-खाली करायला लावायची, रक्त साकळू नये म्हणून.

हवाईसुंदरीने कोमट पाणी आणून दिलं, तेव्हा मला कुठेतरी वाचलेलं आठवलं. १९३० साली अमेरिकेत पहिल्या ज्या आठ मुली विमानात कामाला घेतल्या, त्या आठही नर्स होत्या. एलेन चर्च नावाच्या नर्सनेच ती कल्पना कंपनीच्या गळी उतरवली होती. सिस्टरला सांगितलं. तिला हे माहीत नव्हतं. हसली आणि परत यंत्राकडे बघू लागली.

इंदूरला उतरल्यावर रामबागेत सगळं तयार होतं, मोठा कॉन्सन्ट्रेटर आदल्या दिवशीच येऊन पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरला पोहे-जलेबी खाऊ घातली. निघताना ताईने तिच्या हातात खण आणि नारळ ठेवला. ती ख्रिश्चन, पण दोन्ही हातांनी घेतलं आणि खाली वाकली. ताईने मला नंतर विचारलं, "किती घेतले रे तिने?" मी निम्मा आकडा सांगितला. तरी ती म्हणाली, "फार झाले."

फॉर्मची प्रत, डॉक्टरांचं पत्र, मंजुरीचा कागद, सगळं एका फाइलमध्ये आहे. पुण्याच्या स्नेह्यांना पाठवतोय. त्यांना एवढंच सांगितलंय की आईच्या डॉक्टरांना आधी विचारा, प्रत्येकाचा आजार वेगळा, आणि सोबत येणाऱ्या नर्सला आदल्या दिवशी घरी बोलवा.

ताई त्यानंतर सात महिने होती, पुढच्या खोलीत, खिडकीशी. दुपारी झोपली की तोंड उघडं पडायचं. घरच्या मशीनमध्ये झोत सतत चालू असतो, त्याने तसा काही फरक पडत नव्हता. तरी मी पेपर वाचता वाचता म्हणायचो, "ताई, नाकाने." ती डोळे न उघडता म्हणायची, "हौ रे."