कावागुची ते कावागुती

नागानो येथील १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये एलेना बेरेझ्नाया आणि अंतोन सिखारुलिद्झे ही रशियन जोडी रौप्यपदक जिंकली. ते पाहून भारावलेल्या युको कावागुची या जपानी मुलीने त्यांच्या प्रशिक्षिका तमारा मोस्कविना यांना पत्र लिहिले की मला शिकवा. मोस्कविनाबाईंनी तिला शिष्या केले. रशियन जोडीदारासह ती प्रथम जपानकडून खेळली. २००१ च्या कनिष्ठ जागतिक स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले. २००६ पासून अलेक्सांदर स्मिर्नोव तिचा जोडीदार झाला आणि झेंडा रशियाचा.

फिगर स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेत जोडीतल्या एकाचे नागरिकत्व पुरते. ऑलिंपिकमध्ये दोघांचेही लागते. स्वेच्छेने परके नागरिकत्व घेणाऱ्याचे जपानी नागरिकत्व मात्र संपुष्टात येते. तिने ते सोडले. जपानी 'ची' रशियन लिपीत 'ती' असा लिहिण्याची रूढी असल्याने कावागुचीची कावागुती झाली. देशाबरोबर आडनावातले एक अक्षरही गेले.

मोबदल्यात काय मिळाले? १९६४ ते २००६ या सलग बारा ऑलिंपिकमध्ये जोडीचे सुवर्ण सोव्हिएत वा रशियन स्केटरांकडे होते, २००२ मध्ये मात्र कॅनडाच्या जोडीबरोबर विभागून. २०१० च्या व्हँकूव्हरमध्ये ते ओझे या दोघांच्या खांद्यांवर आले. पहिल्या फेरीअखेर ती तिसरी होती, शेवटी चौथी. २०१४ चे सोची स्मिर्नोवच्या गुडघ्याच्या दुखापतीने हिरावले.

आम्ही परदेशी राहतो. भारतही दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि इथल्या नागरिकत्वाचा कोरा अर्ज आमच्या मेजावर महिनाभर पडून आहे. म्हणून हा हिशेब आम्हांला परका वाटत नाही. नातलग विचारतात, "सोडून मिळणार काय?" कावागुतीलाही हेच विचारता आले असते आणि पदकाच्या भाषेत तिच्यापाशी उत्तर नव्हते.

परंतु तिने देश मागितलाच नव्हता. तिने गुरू मागितला होता. तो तिला लाभला. दोन ऑलिंपिक हातची गेल्यावरही ती त्याच गुरूपाशी, त्याच जोडीदारासह सराव करीत राहिली आणि २०१५ मध्ये स्टॉकहोमला, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, दुसऱ्यांदा युरोपची विजेती ठरली. २०१७ मध्ये दोघे निवृत्त झाले.

अर्जात आम्ही कोणता देश सोडतो याला रकाना आहे. कशासाठी सोडतो याला नाही. तो रकाना मनाशी भरून झाल्याखेरीज सही करायची नाही, एवढे आम्ही ठरवले आहे.