लाल थेंबाचा माग

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल ही काय चीज आहे, हे मला आत्ता कुठे कळलंय आणि कधी एकदा सगळ्यांना सांगते असं झालंय! तेल म्हणजे वंगण, एवढंच आपल्याला ठाऊक. इथे तेच तेल टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद पुढे नेतं, तेच दाबाने क्लच आवळतं आणि उष्णताही तेच वाहून नेतं. ते कमी झालं की पंप हवा ओढतो, दाब पडतो. मग 'डी'मध्ये टाकलं तरी गाडी जरा थांबून झटक्याने निघते, चढावर इंजिन नुसतंच ओरडतं. आणि मूळ कारण काय, तर एखादा कडक झालेला रबरी सील!

आमच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी लिफ्टवर चढवलेली एक गाडी दाखवली. पोटाखालचा सगळा भाग ओला. "ओलं दिसतं तिथेच गळतं असं नाही मॅडम, वाऱ्याने तेल मागे पळतं." त्यांनी सगळं क्लीनर मारून लख्ख पुसलं, गाडी फिरवून आणली आणि पुन्हा वर घेतली. आता सगळ्यात वर, सगळ्यात पुढे जी जागा ओली, ती खरी! पॅनचं गॅस्केट कोरडं, कूलरचे पाइप कोरडे. थेंब लोंबत होता इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर, बेल हाउसिंगच्या तळाशी.

खरी गंमत इथे आहे. याच जागी इंजिनाचा मागचा सील गळला तरी थेंब येतो आणि कन्व्हर्टरचा सील गळला तरी येतो. मग ओळखायचं कसं? बहुतेक गाड्यांच्या गिअरबॉक्सच्या तेलात लाल रंग घालतात, तो यासाठीच! मिस्त्रींनी थेंब पांढऱ्या टिश्यूवर टिपला. तो भराभर पसरला, लालसर, स्वच्छ, जळका वास नाही. म्हणजे गळती कन्व्हर्टरच्या सीलची आणि आतले क्लच बहुधा शाबूत. क्लच जळाले असते तर मधोमध काळा डाग राहिला असता. आणि तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी, दुधाळ निघालं तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट मिसळलेलं असतं. पाण्याने क्लच प्लेटचं अस्तर सुटतं, म्हणून अशी गाडी चालवायचीच नाही, टो करून आणायची.

नुसती पातळी बघणंसुद्धा किती नाजूक काम! तेल तापलं की फुगतं, म्हणून बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना डिपस्टिक बघतात. काहींत इंजिन बंद करून. नव्या कित्येक गाड्यांना डिपस्टिकच नाही, ठरलेल्या तापमानाला खालचा प्लग उघडून बघायचं. जास्त भरलं तर फेस होतो आणि दाब पुन्हा पडतो.

सील बदलायचा तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मिस्त्री येत्या आठवड्यात तो उतरवणार आहेत. मी सांगूनच ठेवलंय, पॅन उघडाल तेव्हा फोन करा, आतल्या चुंबकाला काय चिकटलंय ते मला बघायचंय: करडा बारीक लगदा असेल तर नेहमीची झीज, धातूचे तुकडे असतील तर दुखणं मोठं!