मुलाला खेळासाठी कॉलेजात घालताना

मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होता. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आमचे गाव. पहाटे वाघाची भीती मनात धरून जंगलात जायचे, पाने तोडून आणायची आणि दुपारी सारे घर अंगणात पुडे बांधत बसायचे. अशाच एका दुपारी दारात मोटारसायकल थांबली. शहरातल्या एका कॉलेजचे खेळाचे सर आले होते. दिवाळीनंतरच्या मंडईत त्यांनी आमच्या थोरल्याचा कबड्डीचा सामना पाहिला होता. तो डाव्या कोपऱ्यावर खेळतो. त्याने घोटा पकडला की चढाई करणारा सहसा सुटत नाही.

सर म्हणाले, "बारावीचा निकाल लागला की मुलगा आमच्याकडे पाठवा. फी फुकट, राहणे फुकट, जेवण फुकट. वरून बूट आणि ड्रेस. तुम्हाला एक पैसा लागणार नाही."

आम्ही दोघे नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आमच्या दोघांच्याही घराण्यात कॉलेजची पायरी कुणी चढले नव्हते. मुलाचा आनंद तर विचारूच नका. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून तो टीव्हीपुढे बसून पकडी शिकत आला आहे. त्या रात्री त्याला झोप नव्हती आणि आम्हालाही.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही ही बातमी आमच्या निवृत्त गुरुजींना सांगितली. ते आनंदले, पण लगेच म्हणाले, "फी फुकट म्हणजे कोण भरणार, हे विचारले काय जी?"

आम्ही विचारले नव्हते. गुरुजींनी समजावून सांगितले. ज्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध घराचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्या घरच्या मुलाला बारावीनंतरही भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असते. ही योजना १९४४ पासूनची. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी सरकारकडे आग्रह धरला होता. राहण्यासाठी समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर २०१६ साली सुरू झालेली स्वाधार योजना आहे. तिच्यात मार्कांची आणि हजेरीची अट आहे, पण नागपूरसारख्या शहरात राहणाऱ्या मुलाला वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते.

म्हणजे जे आमच्या मुलाच्या हक्काचेच होते, तेच कॉलेज आपली मेहेरबानी म्हणून दाखवीत होते! गुरुजी म्हणाले, "हक्काचे बाजूला काढा. मग उरते ते कॉलेजचे देणे. तेवढेच तोला."

मग आम्ही ठरवले, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पोरगा पाठवायचा नाही. निकाल लागला. पत्त्याच्या मजुरीतून तिकिटाचे पैसे काढले आणि मुलाला घेऊन आम्ही ते कॉलेज पाहायला गेलो.

इमारत मोठी होती. भिंतीवर ढाली आणि फोटो होते. कबड्डीची मॅट होती, पण गुंडाळून ठेवलेली. सर म्हणाले, स्पर्धेच्या महिन्यात काढतो. यंदा कबड्डीसाठी किती मुले घेणार, असे विचारले तर पंचवीसेक, असे उत्तर आले. आता संघात नावे बारा आणि मैदानात उतरतात सात, हे आमच्या गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. मग बाकीच्या तेरांचे काय? सर हसले आणि म्हणाले, "मेहनत करेल तो खेळेल." मुलगा शिकणार काय, या प्रश्नावर उत्तर आले, "कोणतीही सोपी शाखा घेऊ, म्हणजे सरावाला वेळ मिळेल." आमचा मुलगा विज्ञान शाखेतून पास झालेला. शेवटी गुणपत्रिका आणि जातीचा दाखला, सारी मूळ कागदपत्रे, तीन वर्षे ऑफिसात जमा ठेवा, असे सांगितले.

खरी गोष्ट कळली ती खोल्या पाहायला गेलो तेव्हा. एक शेवटच्या वर्षाचा मुलगा गुडघ्याला पट्टा बांधून बसला होता. आपल्याच समाजाचा. आम्ही जयभीम केला, तो उठून उभा राहिला. मागच्या हंगामात त्याचा गुडघा गेला होता. आधी दवाखान्याचा खर्च घरच्यांनी केला, मग जेवणाचे पैसे भर म्हणून सांगण्यात आले. दोन विषय राहिले होते, कारण परीक्षा आणि स्पर्धा एकाच वेळी आल्या होत्या. तो म्हणाला, "काकाजी, खेळतो तवरच आपली किंमत हाये."

परतीच्या गाडीत कुणीच बोलले नाही.

आम्हाला बाबासाहेबांचा बडोद्याचा करार आठवला. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेत शिकायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरी करायची, ही अट करारात होती. महाराजांची मदत मोठीच, पण मुदत होती. १९१७ मध्ये ती संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. पुढे नोकरी करून, पैसे जमवून, उसनवारी करून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. एवढ्या विद्वान माणसालाही मुदतीने अडवले, तर आपल्या लेकराला देऊ केलेले किती दिवस टिकणार, हे विचारायला लाज कसली?

खेळातलाही एक दाखला आपल्यापुढे आहे. पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले थोर गोलंदाज. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. पण पुण्यात त्यांच्या चेंडूवर सामने जिंकणारे लोक त्यांना चहा मात्र तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देत. मैदानावर हवा असलेला माणूस मैदानाबाहेर नको होता. आज भांडे वेगळे नसेल, पण खेळ संपल्यावर मुलाला विचारत नसतील, तर फरक तो काय राहिला?

आठ दिवसांनी आम्ही दुसरे कॉलेज पाहिले. ते लहान होते. मॅट नव्हती, मातीचेच मैदान. पण तिथल्या खेळाच्या सरांनी कपाटातून वही काढली. कोणता मुलगा कोणत्या वर्षाला आहे, कोणाचे किती विषय राहिले, कोणाला काय दुखापत झाली, सारे लिहिलेले होते. ते म्हणाले, "फुकट काही नाही. बूट आणि प्रवास कॉलेजचा. शिष्यवृत्तीचा आणि वसतिगृहाचा अर्ज मी स्वतः भरून घेतो. स्पर्धेमुळे तास बुडाले तर मास्तरांना सांगून भरून काढतो. विद्यापीठाच्या संघात निवड होईल, असे वचन मात्र मी देत नाही." विज्ञान शाखा त्यांनी बदलायला लावली नाही.

आम्ही हे कॉलेज निवडले. मुलगा रुसला. "मॅटवर खेळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, बाबा," म्हणाला. त्याचे खोटे नव्हते, मोठे सामने मॅटवरच होतात. दोन दिवस तो जेवायला आमच्याबरोबर बसला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला एवढेच विचारले, "तो पट्टा बांधलेला पोरगा तुझ्या जागी असता, तर?" तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्याने स्वतःच शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला टाकला.

आज त्याचे पहिले वर्ष झाले. सारे विषय सुटले आहेत. कॉलेजच्या संघात तो आहे, विद्यापीठाच्या संघात निवड झाली नाही. कधी कधी मनात येते, मॅट असलेल्या ठिकाणी पाठवले असते तर झाली असती का? हा सल आहे, तो लपवत नाही. पण पाय दुखावला तरी पोरगा शिकत राहील, एवढी रात्रीची झोप आम्हाला आहे.

नोकरीच्या आशेविषयीही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण नुसते कॉलेज-कॉलेजमधले सामने खेळून ते मिळत नाही. त्यासाठी वरच्या स्पर्धांतली कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणून "खेळला की नोकरी लागते" असे कुणी सांगितले, तर कोणत्या स्पर्धेवर आणि कोणत्या पदासाठी, हे विचारावे.

आपल्या वस्तीत, आपल्या विहारासमोर खेळणारी पोरे पुष्कळ आहेत. उद्या तुमच्याही दारात मोटारसायकल थांबेल. पालकांनो, चहा जरूर पाजा, पण एवढे विचारा. सरकारी शिष्यवृत्ती सोडून कॉलेज स्वतःचे काय देणार? ते कागदावर लिहून देणार काय? किती मुले घेता आणि किती खेळवता? दुखापत झाली तर खर्च कोणाचा? मागच्या पाच वर्षांत खेळासाठी घेतलेल्यांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले? आणि मूळ कागदपत्रे कुणाकडेही ठेवू नका. गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे कॉलेजने ठेवून घेऊ नयेत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बजावले आहे.

शेवटी, सरांना नव्हे तर खोलीतल्या जखमी मुलाला भेटून या. त्या कॉलेजाची खरी माहिती त्याच्याजवळ असते.

जयभीम.