पनवेल ते पेण : घणाखालची कुऱ्हाड

हाताने कुऱ्हाड घडवायला भाता, ऐरण, घण, हातोडा, सांडशी, छिन्नी आणि कानस एवढी हत्यारे पुरतात. पनवेलहून पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्गाला लागले, की पावसाळ्यानंतर रस्त्याकडेला घिसाड्यांची, म्हणजे भटक्या लोहारांची, पाले दिसतात. आम्ही पेणकडे जाताना कर्नाळ्याच्या अलीकडे थांबलो, ते अशाच एका पालापुढे.

पनवेलला लोखंडकाम जुनेच. बैलगाडीची चाके हा गावाचा मोठा धंदा असल्याची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत आहे. चाक सुताराचे, त्यावरची लोखंडी धाव लोहाराची. रबरी टायर आले आणि धाव गेली. कोयता, विळा, कुऱ्हाड टिकली, कारण आसपासच्या ठाकूर-कातकरी वाड्यांना ती रोज लागते.

घिसाडी घरांत घण बहुधा बाईच्या हाती असतो. पुरुष बसून सांडशीने लोखंड धरतो आणि हातोडीने जागा दाखवतो. घण नेमका तिथेच पडतो. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली, की घण थांबतो. मधे एक शब्द नाही!

जुन्या रीतीत मऊ लोखंडाची पट्टी गजाभोवती दुमडतात. दुमडीत दांड्याचे नेढे तयार होते. जुळलेल्या टोकांमध्ये पोलादाची चीप घालून सगळे पांढरेफेक तापवतात आणि वाळू टाकतात. वाळूने मळी पातळ होऊन ठोक्यासरशी बाहेर उडते, मगच सांधा धरतो. युरोपीय लोहार उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींशी व्यापारासाठी टॉमहॉक नावाच्या कुऱ्हाडी घडवत, त्यांतही ही रीत होती. फरक वजनात आणि दांड्यात : टॉमहॉक हलका, त्याचा दांडा कुदळीसारखा वरून घालायचा. आता महामार्गावर ट्रकच्या कमानीचे जुने पाटे मिळतात. ते मुळातच पोलादी, त्यामुळे वेगळी चीप लागत नाही.

पाते ठोकून रुंद झाले, कानस फिरली, की खरे कसब सुरू होते : पाणी देणे. धार लालबुंद करून तेवढीच पाण्यात बुडवतात. ती कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही. म्हणून घासून चकचकीत करतात आणि मागच्या भागातली धग धारेकडे येऊ देतात. पोलादावर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळा म्हणजे साधारण २८० अंश सेल्सिअस. कुऱ्हाडीला तिथेच थांबवायचे. निळा पुढे सरकला तर धार मऊ पडते. हा खेळ काही क्षणांचा, आणि सावलीत बसल्याशिवाय रंग नीट दिसत नाहीत. यंत्रावर निघालेली स्वस्त कुऱ्हाड इथेच मार खाते, असे माझे मत आहे.

दांडा धामणीच्या लाकडाचा उत्तम. तो लवचीक असतो, हाताला झिणझिण्या कमी येतात.

विकत घेताना नेढे उजेडाकडे धरून आतून पाहावे. सांध्यावर काळी रेघ दिसली तर ती कुऱ्हाड घेऊ नये. रेघ नसेल तर घासाघीस न करता सांगितलेले पैसे द्यावेत.