पिन घातली होती का?

गोष्ट 2024 च्या पावसाळ्यातली. आमच्या धाकट्या मुलीने बारावीनंतर बी.एस्सी. अ‍ॅग्रीला जायचे ठरवले होते. बापाचाच रस्ता धरला म्हणून मला आतून बरे वाटत होते आणि तिच्या आईला त्याचीच काळजी. कोणते कॉलेज पहिले टाकायचे, कोणते दुसरे, यावर घरात आठ दिवस खल चालला. आमच्या वेळी अर्ज हाताने लिहून टपालाने जाई. आता सगळे इंटरनेटवर. पसंतीक्रम भरायची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती, आणि सकाळी सातला उठून पाहतो तर घरातले इंटरनेट बंद!

आपण म्हणाल, मोबाईलवर भरायचा. पण आमचे गाव खोलगट जागी वसले आहे. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिले तर बोलण्यापुरती रेंज येते, घरात तीही नाही. म्हणून तर दोन वर्षांपूर्वी फायबरची तार घरात घेतली. तालुक्याला जावे म्हटले तर ओढ्याला पाणी आलेले.

रात्रभर विजा कडाडत होत्या. मी पेटीचे बटण बंद केले, चालू केले. फरक नाही. इतक्यात शेजारचा मुलगा आला. म्हणाला, "काका, मागं बारीक छिद्र असतं, त्यात पिन घालून दहा आकडे मोजा. सगळं नव्यासारखं होतं." मी तीस वर्षे गावोगाव सांगत फिरलो आहे की रोग ओळखल्याशिवाय औषध मारू नका, शेजाऱ्याने मारले म्हणून तर मुळीच मारू नका. पण घरच्या पेटीची गोष्ट आली तेव्हा मी काय केले? सौभाग्यवतींच्या बांगडीत अडकवलेली पिन मागून घेतली, छिद्रात घातली आणि दहा मोजले. पेटीवरचे सगळे दिवे विझले, पुन्हा लागले. इंटरनेट नाहीच. पिन मुकाट्याने बांगडीत परत गेली.

मग कंपनीला फोन लावला. फोन करायचा तर गच्चीवर जायला हवे आणि पेटी तर खाली माजघरात. तेव्हा मी छत्री घेऊन टाकीजवळ, मुलगी जिन्यात आणि तिची आई पेटीपाशी अशी साखळी लावली. हा आकडा दाबा, तो आकडा दाबा, असे बराच वेळ चालले. शेवटी एक मुलगी बोलली. आवाज आमच्या थोरलीच्या वयाचा. ग्राहक क्रमांक विचारून घेतला आणि म्हणाली, "सर, पेटीवर कोणकोणते दिवे लागलेत आणि कोणत्या रंगाचे, तेवढं वाचून सांगता का?"

मी म्हणालो, "अहो ताई, दिवे सगळे ठीक आहेत, इंटरनेट नाही."

"ठीक म्हणजे कसे, सर? एकेक सांगा."

मी खाली ओरडलो, मुलगी पुढे ओरडली, आणि सौभाग्यवतींनी एकेक अक्षर वाचून उत्तर पाठवले. पहिला हिरवा, दुसरा हिरवा, तिसरा विझलेला, चौथा हिरवा आणि लुकलुकतो. लाल एकही नाही.

लाल दिव्याचे तिने मला नंतर समजावून सांगितले, ते सांगण्यासारखे आहे. या तारेतून वीज येत नाही, उजेड येतो, आणि तोही डोळ्यांना न दिसणारा. केसासारख्या बारीक काचेच्या धाग्यातून तो येतो. मधे एके ठिकाणी तो धागा वाटून अनेक घरांना देतात, जसे एका पाटाचे पाणी बाऱ्या फोडून वाफ्यांना द्यावे. धागा तुटला, उंदराने कुरतडला किंवा जेसीबीच्या दातात आला की उजेड पोहोचत नाही आणि पेटीवर लाल दिवा लागतो. मग लांबून काही करता येत नाही, माणूसच यावा लागतो. पण लाल दिवा नसेल तर उजेड पोहोचतो आहे, आणि उजेड पोहोचत असेल तर कंपनीला आपल्या कचेरीत बसून आपली पेटी दिसते. प्रत्येक पेटीला क्रमांक असतो, जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात तसा. त्या क्रमांकावरून त्या पेटी ओळखतात. उजेड किती जोराचा येतो हेही त्यांना तिथे मोजता येते. (तार निघालीच तर तिच्या टोकात डोळा घालून पाहू नये. काही दिसत नाही, पण डोळ्याला इजा होऊ शकते.)

तर ती ताई म्हणाली, "सर, उजेड चांगला येतोय. पण पेटीतल्या सगळ्या नोंदी कोऱ्या दिसतात. मागच्या छिद्रात कोणी पिन घातली होती का?"

मी म्हणालो, "छे छे! आम्ही हातसुद्धा लावला नाही."

आता मी राजपत्रित अधिकारी, पन्नाशी उलटलेला, आणि पोरीच्या वयाच्या मुलीशी तोंडावर खोटे बोललो. जिन्यात मुलगी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

ताई शांतपणे म्हणाली, "बरं. मग रात्री विजा झाल्या होत्या का? झटका बसून पेटी आतून बिघडली असेल तर बदलावी लागेल. माणूस दोन दिवसांत येईल. आणि पिन घातली असेल तर पेटीला काही झालेलं नाही, मी इथूनच नोंदी भरून देते. पुष्कळ जणांकडून होतं सर, म्हणून विचारते."

छत्रीवर पाऊस वाजत होता. मला एकदम 2019 सालचे आबा आठवले.

आबा आमच्या मंडळातले कास्तकार, दीड एकर कपाशी. त्यांनी फोन केला, "साहेब, पानं वाकडी व्हायलीत, बोटावानी लांबट निघायलीत." मी विचारले, "काही मारलंय का?" ते म्हणाले, "नाही बा, काहीच नाही." मी त्या दिवशी बैठकीत होतो. रसशोषक कीड असेल म्हणालो आणि फोनवरच औषध सांगितले. आबांनी मोंढ्यातून आणून फवारले. दहा दिवसांनी पुन्हा फोन आला, पाने जास्तच वाकडी. मी म्हणालो, आणखी एकदा मारा. मग कधी तरी सवड काढून गेलो. बांधावर पाय ठेवताच कळले. पाने भेंडीच्या पानासारखी फाटलेली, शिरा वर आलेल्या. मक्यातले तण मारायला आबांनी टू-फोर-डी वापरले होते आणि तोच पंप नीट न धुता कपाशीत आणला होता. कपाशीला या तणनाशकाचा वाससुद्धा सोसत नाही, पंपाच्या तळाला राहिलेले थेंब पुरतात. आणि मी सांगितलेली दोन्ही फवारण्या त्याच पंपाने झाल्या होत्या. म्हणजे औषधाच्या नावाखाली मीच दोनदा विष घालायला लावले.

त्या दिवशी चार माणसांत मी आबांना बोललो. "खोटं का बोललात? आधीच सांगितलं असतं तर?" आबा पंपाकडे बघत उभे राहिले, काही बोलले नाहीत. शेंडे खुडायला लावले, पाणी द्यायला सांगितले, दुसऱ्या पंपाने युरियाचे हलके फवारे दिले. झाडे सावरली, पण पहिल्या वेचणीचा कापूस गेला तो गेलाच. मला पाच वर्षे वाटत होते की चूक आबांची. "काही मारलंय का?" हा प्रश्न मी कसा विचारला होता, ते कधी मनात आले नाही. फौजदार विचारतो तसा. आणि पान कसे दिसते, एकेक सांगा, असे तर मी विचारलेच नव्हते.

मी फोनवर म्हणालो, "ताई, पिन घातली होती. मीच घातली."

ती हसलीसुद्धा नाही. "बरं झालं सांगितलंत सर. पाच मिनिटं पेटीचं बटण बंद करू नका."

पेटी तिने कचेरीतूनच पुन्हा भरली. पिनेने ग्राहकाचे नाव, परवलीचा शब्द, सगळे पुसले गेले होते. तारेतूनच त्या नोंदी आल्या आणि पेटीत बसल्या. खालून हाका येत होत्या: "विझले! लागले! बाबा, तिसरा हिरवा झाला!" वायफायचे नाव मात्र आम्ही ठेवलेले गेले आणि पेटीच्या पोटावर छापलेले आले. परवलीचा शब्दही तिथलाच घालावा लागला. हा कागद पेटी आली त्याच दिवशी वहीत उतरून ठेवावा. आणि असा फोन आपण कंपनीच्या बिलावरच्या क्रमांकालाच करावा. कोणी आपणहून फोन करून पेटी दुरुस्त करतो म्हणाला आणि बँकेचा ओटीपी मागू लागला, तर सरळ फोन ठेवावा.

फोन ठेवण्यापूर्वी मी विचारले, "ताई, मुळात बंद कशाने पडलं होतं?"

"तुमच्या भागाची मुख्य लाईन सकाळी दीड तास बंद होती, सर. साडेआठला चालू झाली."

म्हणजे मी काहीच केले नसते तरी चालले असते. आपल्या आपण बऱ्या होणाऱ्या पिकावर मी फवारणी केली होती. दुपारी दोनच्या आत मुलीचा पसंतीक्रम भरून झाला. सौभाग्यवतींनी त्या छिद्रावर चिकटपट्टी लावून टाकली आहे.

त्याच आठवड्यात आबांच्या गावावरून जाणे झाले. मुद्दाम थांबलो आणि ओसरीवर बसून सगळी हकिगत सांगितली, खोटे बोललो तेही सांगितले. आबा ऐकत होते. मधे दोनदा हसले.

"मग त्या पोरीनं तुम्हाला काय म्हटलं?"

"काही नाही म्हणाली."

आबांनी आत तोंड करून चहा सांगितला. मग उठून गोठ्यातून दोन पंप घेऊन आले. एकावर लाल रंगाचा पट्टा ओढलेला होता. "ह्यो फक्त तणाचा," म्हणाले. "त्याच साली ओढला. तुम्ही कधी इचारलं नाही."